मोड नसलेली वस्तू

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास ह्या व्यासपीठावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आमच्या मनात संकोच उत्पन्न झाला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढे जे काही शिकलो ते वर्गात मुलांपुढे उभे राहून शिकलो. विद्वत्तेचे चार शब्द सांगावेत एवढी शिदोरी आमच्याजवळ नाही. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला की, 'गुरुजी, तुमच्या घराने सोन्याचे काम सोडून घड्याळांचे काम धरले, त्याविषयी काही सांगा.' विषय आमच्या घरातलाच निघाला, तेव्हा नाही म्हणता आले नाही. शिवाय सोनाराने कान टोचलेले बरे, अशी आपल्याकडे समजूत आहेच. आज थोडेसे कान टोचण्याचाही आमचा विचार आहे, आणि त्यांत पहिला कान आमचा स्वतःचा आहे.

आपल्यापैकी जे अजून पेढीवर किंवा बागेसरीपुढे बसतात, त्यांस 'मोड' हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. आजीच्या पाटल्या नातीच्या लग्नात मोडीस येतात. सोनार त्या कसोटीवर घासतो, तोलतो, घट सांगतो, आणि त्याच सोन्याच्या नव्या बांगड्या होतात. आजीचा हात गेला, तरी सोने राहिले. घरचे मोल घरात राहिले. हा आपल्या धंद्याचा मोठा दिलासा आहे. सोन्याचा डाग कितीही झिजला, वाकला, तुटला, तरी त्यास मोड आहे. त्यामुळे त्यावरील प्रेम किती आणि भाव किती, हे गिऱ्हाइकासही निश्चित सांगता येत नाही, आणि आपणही ते विचारीत नाही.

मनगटावरच्या साध्या घड्याळाची गोष्ट निराळी आहे. त्याची पेटी पोलादाची, नाही तर मुलामा दिलेल्या पितळेची. आत जी तांबडी माणके असतात, ज्यांचा 'सतरा ज्वेल' असा उल्लेख तबकडीवर अभिमानाने केलेला असतो, ती खाणीतली नव्हेत. व्हेर्नोय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली, आणि पुढे घड्याळांत तीच कारखान्यातली माणके बसू लागली. चाकांचे आस झिजू नयेत, एवढेच त्यांचे काम. कित्येक गिऱ्हाइके आमच्या वडिलांस भीत भीत विचारीत, 'आतली माणकं काढून तर घेणार नाही ना?' वडील हसून म्हणत, 'सतराच्या सतरा काढली तरी गुंजभर सोनं यायचं नाही.' तात्पर्य, असे घड्याळ मोडीत काढले तर हाती काही लागत नाही. आणि तरीही माणसे नव्या घड्याळाच्या किमतीइतका खर्च करून जुने घड्याळ दुरुस्त करून घेतात. ते का, हे आम्हांस आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

घड्याळांशी आमचा संबंध हौसेने जडलेला नाही. आमचे वडील सांगलीस सराफकट्ट्याच्या मागच्या एका बोळात बसून सराफांचे काम करीत. १९६३ च्या जानेवारीत सोने-नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. बावीस कॅरटच्या पाटल्या घडविणाऱ्या हातांस एका दिवसात काम उरले नाही. देशभर हजारो सुवर्णकार बेकार झाले, काहींनी जीव दिले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. पुढे चौदा कॅरटची अट गेली. तरी १९६८ साली नियंत्रणाचा कायदा झाला, आणि तो थेट १९९० साली रद्द झाला. आम्ही १९६३ साली पाच वर्षांचे होतो. त्या दिवसांतले आम्हांस एवढेच आठवते की, घरातली बागेसरी थंड पडली होती आणि तिच्यात मांजर निजत असे.

मिरजेस एक मुसलमान घड्याळजी होते. आम्ही मुले त्यांस चाचा म्हणत असू. वडील त्यांच्याकडे दीड वर्ष रोज सायकलीने जात. चाचांनी एक पैसा न घेता त्यांस विद्या दिली. 'तुमचा हात तयारच आहे,' असे ते म्हणत. 'फक्त घाई विसरा.' चिमटा तोच होता, डोळ्यास लावावयाचे भिंग तेच होते, फक्त आता विस्तव नको होता. आमचे थोरले बंधू अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांनी शाळा सोडली आणि वडिलांशेजारी बसले. त्यांच्या त्या बसण्यावर आम्ही मॅट्रिक झालो, हे आम्ही विसरू शकत नाही.

काळही अनुकूल निघाला. १९६१ साली बंगळूरच्या सरकारी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची मनगटी घड्याळे तयार होऊ लागली होती. त्यापूर्वी घड्याळ म्हणजे बहुतेक परदेशी आणि महाग. आता शिक्षक, कारकून, कंडक्टर यांच्याही मनगटावर घड्याळ दिसू लागले. 'जनता' हे त्यांतले एक, रोज किल्ली द्यावी लागणारे. मात्र असे घड्याळ बहुधा कोणी स्वतःसाठी घेत नसे. ते सासऱ्याने जावयास दिलेले असे, बापाने मॅट्रिक झालेल्या मुलास दिलेले असे, किंवा नोकरीतून निवृत्त होणाऱ्यास सोबत्यांनी वर्गणी काढून दिलेले असे. म्हणजे दुकानात पहिल्याच दिवशी त्या वस्तूत दोन माणसे आलेली असत. एक देणारा आणि एक घेणारा.

दुसरे असे की, हे यंत्र माणसाच्या अंगावर राहते आणि त्याच्याच हाताने चालते. 'जनता'सारख्या घड्याळाचे चक्र सेकंदास ५ ठोके देते. तासास १८,००० आणि दिवसास ४ लाख ३२ हजार. एवढ्या श्रमाची शक्ती त्यास सकाळच्या वीस-पंचवीस पिळांतून मिळते. वडिलांनी स्नान करून घड्याळास किल्ली दिली की तो करकर आवाज घरातल्या पोराबाळांस परिचित होई. घालणारा माणूस गेला म्हणजे तो आवाज थांबे, आणि मग काही महिन्यांनी कोणीतरी ते घड्याळ रुमालात गुंडाळून आमच्या दुकानात आणी. 'बंद पडलंय' एवढेच ते म्हणत. पुष्कळदा बंद पडलेले काहीच नसे. किल्ली द्यावयाची राहिली असे.

आतले तेल तीन-चार वर्षांत सुकते, म्हणून घड्याळ उघडून, धुऊन, पुन्हा तेल द्यावे लागते. दर खेपेस पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने बारीक खूण आणि साल कोरण्याची घड्याळजींची रीत आहे. त्या खुणा मालकास कधी दिसत नाहीत. वडिलांची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली साल. एखाद्या झाकणात १९६७, १९७१, १९७४, १९७९ अशी ओळ दिसे आणि नंतर एकदम १९९३. अण्णा म्हणत, 'ह्या मधल्या वर्षांत त्या घरात काहीतरी झालं असलं पाहिजे.' ते विचारीत मात्र नसत.

आता वडिलांच्या हातून झालेल्या एका चुकीची हकीकत सांगतो, कारण पुढची सगळी शिकवण तिच्यातून निघाली. १९७० च्या सुमारास एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत वडिलांचे घड्याळ साफ करावयास दिले. तबकडी पिवळी पडली होती आणि पाचाच्या आकड्याजवळ एक काळा डाग होता. वडील जातीचे सोनार. जुन्या वस्तूस उजाळा दिल्याशिवाय त्यांस चैन पडेना. त्यांनी पदरचे पैसे घालून मुंबईहून ती तबकडी नव्याने रंगवून आणविली. गिऱ्हाईक खूश होईल ह्या आनंदात त्यांनी घड्याळ पुढे केले. त्या गृहस्थांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, 'हे आमचं नव्हे.' मग हळूहळू त्यांनी सांगितले की, लहानपणी आकडे कळत नव्हते तेव्हा वडिलांच्या मांडीवर बसून, काटा डागावर आला म्हणजे पाच वाजले, असे ते घड्याळ वाचावयास शिकले होते. आमचे वडील काही बोलू शकले नाहीत. त्यांनी मजुरी घेतली नाही. पण गेलेला डाग कोठून परत आणणार?

आपल्या धंद्यात डाग म्हणजे दागिना. त्या दिवशी वडिलांस कळले की, घड्याळावरचा डागही कधी कधी दागिनाच असतो. पुढे आम्ही तिसरीच्या वर्गात पुठ्ठ्याचे घड्याळ करून मुलांस वेळ वाचावयास शिकवीत असू, तेव्हा दर वर्षी आम्हांस त्या डागाची आठवण होत असे.

त्या प्रसंगापासून दुकानात दोन नियम झाले. पहिला, घड्याळ हाती घेतल्यावर बिघाड काय हे विचारण्यापूर्वी 'ह्यातलं काय बदलायचं नाही?' असे विचारावयाचे. दुसरा, काच, काटा, किल्ली, पट्टा, जे काही बदलले जाईल ते कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकास परत द्यावयाचे. सोन्याच्या कामात कीस आणि घट यांचा हिशेब चोख ठेवणारा तोच चांगला सोनार. तसाच हा हिशेब. पुष्कळ गिऱ्हाइके पुडी तेथेच टाकून जात. परंतु काही जण ती कपाळास लावून खिशात ठेवीत.

पहिल्या प्रश्नास उत्तरे कशी मिळत, त्याचे एकच उदाहरण पुरे. मिरजेच्या एका बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. त्याच्या घड्याळाची काच फुटली होती आणि काटे थांबले होते. त्या अण्णांस म्हणाल्या, 'काच तेवढी बसवा, म्हणजे काटे गळून पडायचे नाहीत. चालू करू नका. काटे हलवू नका.' अण्णांनी ते काम दुपारी दुकानाचे दार लोटून केले आणि फक्त काचेचे पैसे घेतले. जपानात हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता थांबलेले एक खिशातले घड्याळ जपून ठेवलेले आहे, असे आम्ही वाचले तेव्हा आम्हांस त्या बाईंची आठवण झाली. ते घड्याळ दुरुस्त करावे असे कोणी म्हणणार नाही. काही घड्याळांचे काम वेळ दाखविण्याचे राहिलेले नसते.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे किल्लीच्या जुन्या घड्याळांचे कौतुक झाले. आजच्या बॅटरीच्या घड्याळास ही माया कशी लागावी? हा आक्षेप आम्हीही एके काळी घेत असू. पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानात १९६९ च्या डिसेंबरात विक्रीस आले. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतला स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि कोणत्याही 'जनता'पेक्षा बिनचूक वेळ दाखवितो. ते स्वस्त झाले तसा आमच्या दुकानाचा धंदा निम्म्यावर आला. अण्णा मात्र त्या घड्याळांस नावे ठेवीत नसत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर सांगलीच्या पेठांत शिरला आणि दुकानात पाटीपर्यंत पाणी चढले. पूर ओसरल्यावर लोक गाद्या, धान्य, कागद उन्हात टाकीत होते, आणि अण्णांपुढे चिखलाने भरलेल्या घड्याळांची रांग लागली होती. त्या रांगेत भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचे घड्याळ बाजारात चारशे रुपयांस नवे मिळाले असते. त्या म्हणाल्या, 'लेकीनं पहिल्या पगारातनं घेतलंय.' अण्णांनी उघडून पाहिले. आतले सारे गंजले होते. 'मावशी, आतलं यंत्र बदलावं लागेल,' ते म्हणाले. मावशींनी विचारले, 'मग ते तिनं दिलेलंच ऱ्हाईल का?' अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'तुमच्या लेकीनं आतलं यंत्र बघून घेतलं नव्हतं. जे बघून घेतलं ते सगळं तेच आहे.' मावशींचे समाधान झाले. गंजलेले यंत्र त्यांनी पुडीत बांधून नेले, हे सांगावयास नकोच.

थोरांच्या वस्तूंस जगात बाजार असतो. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे महात्मा गांधींचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी यांचा लिलाव झाला आणि त्यांस १८ लाख डॉलर किंमत आली. तुमच्या-आमच्या बापाच्या घड्याळास असा लिलाव नाही. त्याची किंमत जाणणारी माणसे जगात दोन किंवा तीन असतात, आणि ती गेली की किंमतही जाते. मोड नसलेल्या वस्तूचे हेच वैशिष्ट्य आणि हीच तिची नाजूक बाजू होय. सोन्याचे मोल सोन्यात राहते. घड्याळाचे मोल माणसात राहते.

हे आम्हांस पुरतेपणी केव्हा कळले, ते आता सांगतो. २०२२ साली अण्णा वारले. त्यांचे चिरंजीव पुण्यास इंजिनियर आहेत. दुकान चालविणारे कोणी नव्हते. दुकान रिकामे करताना पत्र्याचा बिस्किटांचा एक जुना डबा निघाला. महापुरातही अण्णांनी तो घरी माळ्यावर नेऊन वाचविला होता. त्यांत गिऱ्हाइकांनी दुरुस्तीस टाकून परत न नेलेली ३७ घड्याळे होती. प्रत्येकास चिठ्ठी बांधलेली होती. नाव, गाव, बिघाड, तारीख आणि मजुरी. काही चिठ्ठ्या वडिलांच्या मोडीवळणाच्या अक्षरातल्या होत्या.

एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून जुन्या घड्याळांचे सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे. म्हणून एका घड्याळातले भाग काढून दुसऱ्यास बसवितात. अशा व्यापाऱ्याने सगळ्या डब्याचे बारा हजार रुपये देऊ केले. ज्या वस्तूस मोड नाही असे आम्ही समजत होतो, तिलाही मोडीचा भाव फुटला होता. पुतण्याने आम्हांस विचारले, 'काका, देऊन टाकू का?' त्याचे काही चुकले नव्हते. इतकी वर्षे कोणी फिरकले नव्हते. परंतु आम्ही म्हणालो, 'आम्हांस एक वर्ष दे.'

निवृत्त शिक्षकाजवळ वेळ असतो आणि गावोगाव त्याचे विद्यार्थी असतात. ह्या दोन भांडवलांवर आम्ही कामास लागलो. एका चिठ्ठीवर 'पाटील, कवठे' एवढेच होते. आमच्या जिल्ह्यात कवठे महांकाळ आहे, कवठे एकंद आहे, कवठे पिरान आहे. आणि तिन्ही ठिकाणी पाटलांस तोटा नाही. तरी ते पाटील आम्हांस सापडले, म्हणजे त्यांची सून सापडली. तिने सासऱ्यांचे घड्याळ ओळखले ते पट्ट्यास पाडलेल्या जादा छिद्रावरून. शेवटच्या आजारात त्यांचे मनगट वाळले होते.

जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०१२ साली आपल्या वडिलांचे 'जनता' आमच्या दुकानात टाकले होते. मजुरी साडेचारशे रुपये. आम्ही घरी गेलो तेव्हा तो मनुष्य ओशाळला. म्हणाला, 'गुरुजी, त्या साली दुष्काळ. जनावरं छावणीत होती. घड्याळ सोडवायला पैसं कुठनं आणायचं? मग पुढं लाज वाटाय लागली.' सोडवायला, हा शब्द आपण ऐका. गहाण टाकलेला डाग सोडवितात तो हा शब्द. अण्णांच्या चिठ्ठीत 'काम झाले' अशी नोंद होती, पण दहा वर्षांत तेल सुकून घड्याळ पुन्हा अडले होते. आम्ही तसे सांगितले. तो म्हणाला, 'चालत नसलं तरी द्या.' पैसे आम्ही घेतले नाहीत. ते घेण्याचा हक्क ज्यांचा होता ते दोघेही आता नाहीत.

अशी २६ घड्याळे परत गेली. दोन घरांनी, 'आम्हांस नको, तुम्हीच काय ते करा,' असे सांगितले. त्यांसही आम्ही दोष देत नाही. बापाची प्रत्येक वस्तू लेकास हवीशी वाटावी, असा काही कायदा नाही. ९ घड्याळे अद्याप आमच्याकडे आहेत.

आता आमच्या कानाची पाळी. १९७८ साली आम्ही शिक्षक म्हणून नेमणुकीवर निघालो, तेव्हा वडिलांनी आपल्या हातातले घड्याळ काढून आमच्या हातात बांधले. 'मुलांना वेळेचं महत्त्व सांगशील, तर तुझ्याकडे वेळ पाहिजे,' असे ते म्हणाले. सोळा वर्षे ते आम्ही वापरले. १९९४ साली एका दुकानाने 'जुने द्या, नवे घ्या' अशी योजना काढली. आमचे घड्याळ दिवसास चार मिनिटे मागे पडत होते. आम्ही ते देऊन, वर पैसे भरून, नवे क्वार्ट्झ घड्याळ घेतले. घड्याळजीच्या मुलाने घड्याळ दुरुस्त न करता मोडीत घातले. ह्याहून अधिक काय सांगावे? वडिलांनी आमचे मनगट पाहिले आणि विचारले, 'वेळ बरोबर दाखवतं ना?' आम्ही 'हो' म्हणालो. 'मग झालं,' असे म्हणून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्यास लावले. १९९८ साली ते वारले. तोपर्यंत त्या घड्याळाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि त्यांस काही वाटले नसावे अशी आम्ही आपली समजूत करून घेतली.

अण्णा शेवटच्या दुखण्यात असताना बोलता बोलता सहज म्हणाले, 'दादा दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेले होते, तुझं घड्याळ परत मागायला. दुकानदार म्हणाला, माल कालच पुढे गेला.' आम्हांस ही गोष्ट अठ्ठावीस वर्षे ठाऊक नव्हती.

डबा उघडला तेव्हा आम्ही ३७ ही घड्याळांची पाठीची झाकणे एकेक करून उघडली. कोणास सांगितले नाही. चिठ्ठ्या तपासतो आहोत असे दाखविले. १९७८ ची खूण आम्ही शोधीत होतो. वडिलांची आडवी रेघ पुष्कळ झाकणांत भेटली. परंतु आमचे घड्याळ त्यांत नव्हते. ते असण्याचे काही कारणही नव्हते. त्यानंतर आम्ही पुतण्यास म्हणालो की, आम्हांस एक वर्ष दे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची तीन मागणी आहेत. पहिले, दुरुस्तीस वस्तू द्यावयाची असेल, मग ते घड्याळ असो की आजीची नथ, तर काय बदलावयाचे नाही ते आधी सांगा. आणि आपल्यापैकी जे कारागीर आहेत त्यांनी ते न सांगताही विचारावे. उजाळा देण्यापूर्वी एकदा थांबावे. दुसरे, घरात असे जुने घड्याळ असेल तर एका कागदावर लिहून ठेवा की हे कोणाचे, कोणी दिले, केव्हा दिले. सोन्याच्या डागाची पावती आपण जपतो. ह्या वस्तूस पावती नसते, ती आपणच लिहावी लागते. आणि तिसरे, ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी ते आज घरी गेल्यावर त्यांनाच विचारावे. मोडीत घालावयाचे असेल तर खुशाल घाला. परंतु विचारून घाला.

ती उरलेली ९ घड्याळे आम्ही आज येथे आणली आहेत. सभागृहाच्या दाराजवळच्या मेजावर ती चिठ्ठ्यांसह मांडलेली आहेत. जाताना सर्वांनी कृपा करून एकदा नजर टाकावी. एखाद्या चिठ्ठीवर आपल्या आजोळचे गाव असेल, एखाद्या पट्ट्यावर ओळखीचे छिद्र असेल. ज्यांचे असेल त्यांनी घेऊन जावे. मजुरी फिटलेली आहे.